बटाट्याचा श्वास शोधणाऱ्या कमलाबाई सोहोनी
(बी. ए. द्वितीय वर्ष)

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. आमचे महाविद्यालय कला शाखेचे, तरी त्या दिवशी एक छोटेखानी कार्यक्रम होतोच. यंदा बोलणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घालण्यात आले आणि मी विषय घेतला डॉ. कमला सोहोनी यांचा. ग्रंथालयातून जे हाती लागले ते वाचले, पाठ केले आणि सभागृहात सांगितले. १९३३ साली एका मुलीला बंगलोरच्या संस्थेत ती केवळ मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला गेला, तिने चक्क सत्याग्रह करण्याचे ठरविले आणि शेवटी दार उघडले गेले, ही ती हकीकत. टाळ्या पडल्या. माझे पाय थरथरत होते, पण मनातून मी खूष होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रथम वर्षातील एक मुलगी उठली आणि तिने साधा प्रश्न विचारला, की दार उघडल्यावर त्या आत गेल्या, पण आत जाऊन त्यांनी शोधले काय? मी जीवरसायनशास्त्रातील मोठे संशोधन असे काहीतरी पुटपुटले आणि खाली बसले. मला काहीही ठाऊक नव्हते! दाराची गोष्ट मी पाठ केली होती, घरात काय आहे ते पाहिलेच नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. विज्ञान शाखेच्या वाचकांना यात काही ढोबळ वाटल्यास त्यांनी क्षमा करावी. आमच्या गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नव्हती आणि दहावीनंतर नागपुरात खोली करून राहण्याची आमची ऐपत नव्हती. त्यामुळे पेशी, एन्झाइम वगैरे शब्दांशी माझी ओळख दहावीच्या पुस्तकापुरतीच होती. ती पुढे वाढविण्यास कमलाबाईच कारणीभूत झाल्या.

कमलाबाई माहेरच्या भागवत, जन्म इंदूरचा. आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांना त्यांची ओळख एका वाक्यात पटावी अशी आहे, ती म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला निर्भयपणे विरोध करणाऱ्या दुर्गाबाई आपल्याला माहीत असतात. त्याच घरात दुसरी एक बहीण परीक्षानळी हातात घेऊन उभी होती, हे मात्र साहित्याच्या तासाला कोणी सांगत नाही. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. लोक त्या संस्थेला तेव्हा टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. म्हणजे रसायनशास्त्र हे कमलाबाईंना जेवणाच्या पाटावरच भेटले असणार. येथे मी प्रांजळपणे सांगते की हे वाचून मला थोडा हेवा वाटला. आमच्या घरात ताटावर बसल्यावर मिरचीच्या भावाचे बोलणे निघते. माझी माय हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर देठ तोडायला जाते, आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. तेव्हा कमलाबाई आपल्यासारख्या होत्या असे म्हणण्याचा मोह मी आवरते. त्या आपल्यासारख्या नव्हत्या. पण गंमत अशी की, ज्या दारातून वडील आणि चुलते आत गेले होते ते त्याच घरच्या मुलीला मात्र बंद निघाले.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन बी. एस्सी. झाल्या, त्याही वरच्या क्रमांकाने. लागलीच त्यांनी बंगलोरला अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविलेले, संस्थेचे पहिले भारतीय संचालक. नागपूरकरांना ठाऊक नसेल, पण हेच रामनसाहेब १९१० च्या सुमारास अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरात होते. ज्या २८ फेब्रुवारीला मी कमलाबाईंवर बोलले, तो दिवसही रामन यांच्याच शोधाचा! ज्यांनी नकार दिला त्यांच्या दिवशी, जिला नकार मिळाला तिचे गुणगान. हे माझ्या ध्यानात भाषण झाल्यावर आले.

रामन यांनी नकार दिला. वडिलांनी व चुलत्यांनी रदबदली करूनही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतःच बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही असे त्यांनी ठरविले. गांधीजींचा काळ होता, हत्यार ओळखीचे होते. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे समजले जाईल, काम पसंत पडेतोवर त्याला अधिकृत मान्यता मिळणार नाही आणि त्यांच्या तिथे असण्यामुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा त्या अटी. कमलाबाईंनी त्या मान्य केल्या. पण विसरल्या नाहीत. पुढे साठेक वर्षांनी, त्यांचा सत्कार होत असताना, रामन थोर शास्त्रज्ञ असले तरी त्या बाबतीत संकुचित होते हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, आणि त्या अपमानाचे शल्य आयुष्यभर राहिले हेही. वर्षभरानंतर रामन यांचे समाधान झाले आणि त्यांनी इतर मुलींनाही प्रवेश देण्यास सुरुवात केली. यास कोणी रामन यांचा मोठेपणा म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. एका मुलीने वर्षभर चूक न करता राबून दाखवावे, तेव्हा कुठे बाकीच्या मुलींना साधा प्रवेश मिळावा, यात मोठेपणा असलाच तर त्या मुलीचा. तिचे एक वर्ष बिघडले असते तर? आजारी पडली असती तर? असो.

तेथे श्रीनिवासय्या नावाचे शिस्तीचे कडक पण मनापासून शिकविणारे गुरू त्यांना लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. गरीब देशातील बहुसंख्य माणसांचे प्रथिन मांसातून नव्हे तर डाळीतून येते, तेव्हा डाळीत नेमके काय आहे हा प्रश्न पोटापाण्याचाच होता. १९३६ साली त्यांनी एम. एस्सी. पदवी मिळविली आणि १९३७ साली केंब्रिजला प्रयाण केले.

केंब्रिजला सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळविलेले हे गृहस्थ. तेथे कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हिल हे वनस्पतींचे शास्त्रज्ञ. पानातील हरितकणिका पानाबाहेर काढून प्रकाशात ठेवल्या तरी त्या प्राणवायू सोडतात हे दाखविण्याचा मान त्यांचा. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंच्या वाट्याला आला बटाटा.

आता मागच्या बाकावरील मुलीच्या प्रश्नाकडे वळू. बटाट्यात शोधायचे ते काय?

आपण भात खातो, वरण खातो, भाकर खातो. पोटात त्याचे पचन होते एवढे सर्वांना ठाऊक. पण पचन ही अर्धीच गोष्ट. पचनाने भाताची साखर झाली आणि ती रक्तात उतरली, पुढे काय? पुढचे सारे चालते ते पेशींत, आणि त्यालाच चयापचय म्हणतात. शब्द नीट फोडून पाहावा. चय म्हणजे साठविणे, रचणे. अपचय म्हणजे मोडणे. दोहोंचा द्वंद्व समास. एकीकडे शरीर मोडते आणि त्यातून शक्ती काढते, दुसरीकडे त्याच शक्तीवर रचते. एवढा अर्थवाही शब्द मराठीत असताना मी तो इतकी वर्षे नुसता पाठ करीत आले होते.

साखर तव्यावर टाकली तर ती काळी पडून जळते, धूर होतो, उष्णता एकदम निघून जाते. शरीरही साखर जाळतेच, पण सदतीस अंश तापमानात, धूर न करता, पायरीपायरीने. प्रत्येक पायरीला एक एन्झाइम, म्हणजे ते काम घडवून आणणारे प्रथिन, बसलेले असते. आधी साखरेच्या रेणूचे दोन तुकडे होतात. मग ते तुकडे पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म कोठड्यांत जातात. तेथे त्यातील कार्बन वेगळा होऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडतो, आणि साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन एका रांगेत सोपविले जातात.

ही रांग समजली की सगळे समजले. गावात गंजीला आग लागली की विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग उभी राहते आणि पाण्याची घागर या हातातून त्या हातात जाते. पेशीतही तसेच. इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात दिले जातात आणि शेवटी प्राणवायूच्या ओंजळीत पडून त्याचे पाणी होते. आपण श्वास घेतो तो एवढ्यासाठी, रांगेच्या शेवटी ओंजळ धरून कोणीतरी उभे हवे म्हणून. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना जी शक्ती मोकळी होते तिच्यातून एटीपी नावाचा रेणू तयार होतो, आणि तो म्हणजे पेशीच्या बाजारातील सुटे नाणे. चालणे, बोलणे, विचार करणे, मिरचीचे देठ तोडणे, सारे या नाण्यांवर. हे एटीपी १९२९ साली जर्मनीत लोमान यांनी आणि अमेरिकेत फिस्के व आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधले. सबंध दिवसात माणसाच्या शरीरात जितके एटीपी बनते आणि मोडते त्याचे वजन केले तर ते जवळपास त्या माणसाच्या वजनाइतके भरते असे वाचले, तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले.

या रांगेतील एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. माणसात तो अवघ्या १०४ घटकांचा, म्हणजे अमिनो आम्लांचा, चिमुकला रेणू आहे. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. लोह इलेक्ट्रॉन घेते आणि देते, घेते आणि देते. शेवटच्या ठाण्याच्या अगदी अलीकडे उभा राहून हा गडी एका वेळी एकच घागर पुढे सरकवतो. सायनाइड हे विष माणसाला इतक्या झटपट का मारते? ते शेवटचे ठाणे, सायटोक्रोम ऑक्सिडेज, अडवून धरते. प्राणवायू रक्तात असतो, साखर असते, परंतु रांगच थांबते.

केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली प्राण्यांत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोमचा छडा लावला होता. वनस्पतींतही त्याच्या खुणा त्यांना दिसल्या होत्या. पण वनस्पती खरोखर याच मार्गाने श्वास घेतात का, याबद्दल वाद होता. कापलेला बटाटा काळा पडतो हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. तो ज्या एन्झाइममुळे काळा पडतो तेच बटाट्याच्या श्वसनाचेही शेवटचे ठाणे असावे, असे काही जाणकारांचे मत होते. झाड हिरवे, ते उन्हातून अन्न करते, त्याची तऱ्हा प्राण्यांहून वेगळी असणार असे वाटणे स्वाभाविकच. परंतु बटाटा जमिनीखाली अंधारात वाढतो. त्याला ऊन नाही, तरी तो जिवंत असतो आणि पोत्यात पडल्यापडल्याही श्वास घेतो. कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी शोधून काढला आणि तो वनस्पतींच्या पेशी-पेशींत असून त्यांच्या श्वसनात भाग घेतो हे दाखविले. वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजसंबंधीचे हिल आणि त्यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे जी रांग माझ्या मायच्या हातात चालते, तीच रांग तिच्या टोपलीतील बटाट्यातही चालते! मागच्या बाकावरच्या बहिणी, त्यांनी हे शोधले.

त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता आणि चौदा महिन्यांत पुरा झाला असे सांगतात. आमच्याकडे प्रबंधाचे वजन पाहण्याची रीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात पीएच. डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. आणि एक गोष्ट येथे नोंदली पाहिजे. ज्या केंब्रिजचे आपण एवढे कौतुक करतो तेथेही १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवी नावापुरतीच मिळे, विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व मिळत नसे. दारे काही फक्त बंगलोरलाच नव्हती.

१९३९ सालीच त्या स्वदेशी परतल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागाच्या प्रमुख म्हणून आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी काम केले. ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली. १९४७ साली विमाशास्त्रातील गणिती श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे मुंबईच्या विज्ञान संस्थेत, जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

येथून पुढचे त्यांचे काम मला सर्वांत जवळचे वाटते. केंब्रिजहून आलेल्या या बाई पुन्हा आपल्या डाळी-कडधान्यांकडे वळल्या. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबाच्या ताटातील एकेक जिन्नस प्रयोगशाळेत नेला. उदाहरणार्थ वाल. वांगी आणि वालाच्या शेंगांची भाजी आपल्या विदर्भात कोणाला नवीन नाही. आतड्यात प्रथिने फोडण्याचे काम ट्रिप्सिन नावाचे एन्झाइम करते. कच्च्या वालात असे एक द्रव्य असते की जे या ट्रिप्सिनचेच हात बांधून ठेवते, मग खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. वालातील आणि डबल बीनमधील हे द्रव्य कमलाबाई व त्यांचे सहकारी अंबे यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. ते निष्कर्ष १९५५ साली ‘नेचर’मध्ये छापून आले. अशी द्रव्ये बहुतांशी शिजवल्याने निकामी होतात. वाल भिजवून, मोड आणून, चांगले शिजवूनच खावेत हा आमच्या आजीचा हट्ट असतो. तिला ट्रिप्सिन ठाऊक नाही, पण हट्ट बरोबर आहे.

आजीचा विषय निघालाच तर तिच्या आजाराचेही सांगते, कारण त्यावाचून चयापचयाची गोष्ट अर्धीच राहील. आजीला साखरेचा आजार आहे. रक्तात साखर जास्त, आणि आजी मात्र दिवसेंदिवस वाळत चाललेली. लहानपणी मला हे कोडे वाटे, इतकी साखर अंगात असून अशक्तपणा कसा? उत्तर असे की साखर रक्तात असून भागत नाही, ती पेशीच्या आत गेली पाहिजे. जेवण झाले की स्वादुपिंडातून इन्सुलिन रक्तात येते. ते स्वतः पेशीत शिरत नाही. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी खास कडी असते, ती ते बाहेरूनच वाजवते. कडी वाजली की आतल्या आत निरोप या रेणूकडून त्या रेणूकडे पोहोचतो आणि स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी दारे पृष्ठभागावर येतात. पेशींचे असे निरोप, संकेत, हे आता जीवशास्त्राचे एक स्वतंत्र दालनच झाले आहे. आजीच्या पेशी कडी वाजली तरी नीट ऐकत नाहीत. मग बाहेर साखरेचा पूर आणि आत रांगेला घागरच नाही. हे मी तिला समजावून सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, की मग चहा गोड घ्यायचा की नाही.

कमलाबाईंच्या नीरेवरील कामाची सुरुवात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून झाली. ताडामाडाच्या झाडांचा हा गोड रस पहाटे उतरवतात. सूर्य वर आला की तो आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. हाही चयापचयच! यीस्टच्या पेशी त्यातील साखर प्राणवायूच्या रांगेपर्यंत न नेता अर्ध्यावर सोडतात आणि मद्यार्क मागे उरतो. न आंबलेल्या नीरेत अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य, क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असते आणि नीरेचा गूळ केला तरी त्यातील बराच अंश टिकतो असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या प्रतीसंबंधी मार्गदर्शन केले.

विज्ञान संस्थेच्या संचालकपदी त्यांची नेमणूक झाली खरी, पण अंतर्गत राजकारणामुळे हक्काच्या वेळेहून चार वर्षे उशिराने. बंगलोरला एक वर्ष, मुंबईला चार. येथे सत्याग्रह केल्याची हकीकत नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने काम चालू ठेवले, एवढेच.

निवृत्तीच्या काळात त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेत त्या काम करू लागल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या. भेसळ कशी ओळखावी यावर त्या संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहू लागल्या. तरुण विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मराठीत विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. हळदीत काय मिसळले आहे हे गृहिणीला घरीच कळावे, यासाठी केंब्रिजच्या पीएच. डी. ने खटपट करावी हे काहींना कमीपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. मिरचीपुडीत रंग मिसळला तर देठ तोडणाऱ्या बायांचे नावही खराब होते.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार आयोजित केला. परिषदेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या स्त्री म्हणजे डॉ. सत्यवती. वार्धक्याने थकलेल्या कमलाबाई त्या समारंभातच कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेत श्याओदोंग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायटोक्रोम सी चे दुसरे रूप जगापुढे आणले. पेशीला भरून न येणारी इजा झाली किंवा तिचे काम संपले, की तंतुकणिकेतील हा गडी आपली रांग सोडून कोठडीबाहेर येतो. तो बाहेर दिसणे हाच निरोप. तो मिळताच पेशी स्वतःला शिस्तीने मोडून टाकते. गर्भात आपला हात आधी वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांमधल्या पेशी अशाच शिस्तीने मरतात म्हणून बोटे सुटी होतात. कर्करोगात पेशींनी ही मरण्याची आज्ञा मानलेली नसते. साठ वर्षे ज्याला आपण नुसता घागरी वाहणारा समजत होतो तोच जगण्याचा हमाल आणि मरणाचा दूतही निघाला. वनस्पतींतील त्याचे काम उजेडात आणणाऱ्या कमलाबाई तेव्हा हयात होत्या, ही गोष्ट मला फार बरी वाटते.

मागच्या बाकावरील ती मुलगी मला परवा कॅन्टीनमध्ये भेटली. मी तिला रांगेची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, की मग बटाट्याच्या पेशीही अशाच निरोप मिळून मरतात का? मी पुन्हा ग्रंथालयात जाते आहे.

दिवाळीच्या सुटीत गावी हे सगळे मी मायला सांगितले. ती बटाटे निवडत होती. तिने कोंब आलेले दोन बटाटे परसात लावायला बाजूला ठेवले आणि बाकीचे चिरायला घेतले.